फाटकापासून पोलीस ठाण्यापर्यंत : ईशान्य भारतीयांविरुद्धचा वंशभेद रोखण्यासाठी काय करावे

पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक या शहरांत शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आलेले मणिपुरी, नागा, मिझो, खासी, आसामी, अरुणाचली तरुण आता रुग्णालयांत, हॉटेलांत, ब्यूटी पार्लरमध्ये, विमान कंपन्यांत आणि महाविद्यालयांत सर्रास दिसतात. त्यांचा आपल्याशी संबंध येतो तो घर भाड्याने घेताना, सोसायटीच्या फाटकावरील नोंदवहीत नाव लिहिताना, वसतिगृहाच्या मेसमध्ये आणि दुर्दैवाने कधी पोलीस ठाण्यात. चेहरेपट्टीवरून होणारा भेदभावही मुख्यतः याच ठिकाणी घडतो. त्यामुळे तो रोखायचा असेल तर कामही तिथेच करावे लागते. एकात्मता सप्ताहातील प्रतिज्ञेला किंवा स्नेहसंमेलनातील बिहू नृत्याला माझा विरोध नाही. परंतु सकाळी मंचावर बिहू सादर करणाऱ्या मुलीला संध्याकाळी ‘तुमच्या लोकांना आम्ही जागा देत नाही’ असे ऐकावे लागत असेल, तर त्या प्रतिज्ञेचा तिला काही उपयोग नाही. पुढील मजकूर सोसायट्यांचे पदाधिकारी, घरमालक, वसतिगृहांचे अधीक्षक, कार्यालयांतील अधिकारी आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत असा प्रसंग घडतो त्या शेजाऱ्यांसाठी आहे.

आधी प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात घ्यावे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगर बाजारात निडो तानिया हा अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी एका दुकानात पत्ता विचारण्यासाठी गेला असता त्याच्या केसांवरून आणि रूपावरून टवाळी झाली. त्यातून भांडण वाढले, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात स्वतंत्र कायदेशीर तरतूद, पोलिसांची विशेष व्यवस्था, मोफत कायदेशीर मदत आणि शालेय अभ्यासक्रमात ईशान्येच्या इतिहासाचा समावेश अशा शिफारशी केल्या. या शिफारशींच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१६ मध्ये द्यावा लागला, यावरून सरकारी यंत्रणा किती धिम्या गतीने हलते हे समजते. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा ईशान्येकडील लोकांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवण्याच्या घटना इतक्या वाढल्या की केंद्रीय गृह मंत्रालयाने मार्चमध्येच सर्व राज्यांना त्याबद्दल सूचना पाठवली.

लाजपत नगरच्या घटनेत शिवी, हाणामारी आणि मृत्यू हे एकाच साखळीचे दुवे होते. ती साखळी तोडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे पहिला दुवा. म्हणून सुरुवात बोलण्यापासून करावी.

बोलण्यात काय बदलावे

‘चिंकी’, ‘मोमो’, ‘चायनीज’ हे शब्द अपमानकारक आहेत आणि ते थट्टेत वापरले तरी अपमानकारकच राहतात. ‘नेपाळी’ या शब्दाबाबत थोडे सावध राहावे, कारण सिक्कीम आणि दार्जिलिंगमधील लाखो भारतीय नागरिकांची मातृभाषा नेपाळी आहे आणि ती १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही आहे. तिथे हा शब्द भाषेची ओळख सांगतो. तोच शब्द इमारतीच्या रखवालदाराला हाक मारण्यासाठी किंवा नागा मुलाला परका ठरवण्यासाठी वापरला की तो हेटाळणीचा होतो.

कार्यालयात किंवा कट्ट्यावर कोणी असा शब्द वापरला तर त्याला वंशभेदावर व्याख्यान देऊ नये. व्याख्यानाने तो माणूस बचावात जातो, बाकीचे हसतात आणि ज्याच्यावरून विषय निघाला त्याची आणखी पंचाईत होते. एकच छोटे वाक्य, शांत आवाजात आणि तिथल्या तिथे बोलावे : ‘अरे, त्याला नाव आहे, नावाने हाक मार.’ समोरचा ‘मस्करी केली रे’ म्हणेलच. त्यावर ‘मस्करी असली तरी नको’ एवढेच म्हणून पुढच्या कामाकडे वळावे. हे दोन-तीनदा झाले की बहुतेक ठिकाणी तो शब्द बंद होतो, कारण अशी थट्टा ऐकणाऱ्यांच्या हसण्यावर पोसली जाते. नंतर ज्याचा अपमान झाला त्याला बाजूला भेटून, तक्रार करायची आहे का, हे विचारावे. निर्णय त्याचा असू द्यावा. त्याच्या वतीने परस्पर तक्रार करून त्याला चर्चेचा विषय बनवणे हाही एक प्रकारचा जाच आहे.

‘तू कुठला?’ हा प्रश्न आपण सर्वांनाच विचारतो आणि त्यात गैर काही नाही. उत्तर ‘दिमापूर’ असे आल्यावर ‘म्हणजे मूळचा कुठला?’ असा दुसरा प्रश्न विचारला की त्याच्या भारतीयत्वाचा पुरावा मागितल्यासारखे होते. दुसरा प्रश्न विचारायचाच असेल तर दिमापूरबद्दल विचारावा. त्यासाठी थोडा भूगोल माहीत असणे बरे : अरुणाचल प्रदेश, आसाम, मणिपूर, मेघालय, मिझोराम, नागालँड, त्रिपुरा आणि सिक्कीम ही आठ राज्ये, त्यांच्या राजधान्या आणि निदान दोन-तीन प्रमुख भाषा. सातवीच्या मुलाकडून आपण जेवढी अपेक्षा ठेवतो तेवढेच हे ज्ञान आहे.

नावांबाबतही तसेच. आपल्या अर्जांतील नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा साचा सर्व देशाचा नाही. मिझो लोकांत आडनावाची प्रथा सहसा नसते. नावाच्या शेवटी ‘आ’ असेल तर ते बहुधा पुरुषाचे आणि ‘ई’ असेल तर स्त्रीचे असते. मणिपुरी मैतेईंमध्ये कुळाचे नाव आधी येते. भारोत्तोलक मीराबाई चानूच्या पूर्ण नावातील ‘सैखोम’ हे तिचे कुळनाव आहे, ‘चानू’ हे आडनाव नव्हे. खासी समाजात कुळनाव आईकडून येते. त्यामुळे नोंद करणाऱ्या कारकुनाने ‘आडनाव नाही म्हणजे कागदपत्र संशयास्पद’ असा निष्कर्ष काढू नये. ओळखपत्रावर जसे नाव आहे तसेच्या तसे उतरवावे आणि ‘तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?’ असे विचारावे. नाव अवघड वाटले म्हणून आपल्या सोयीने ‘पिंकी’ किंवा ‘राजू’ असे बारसे करू नये.

घर भाड्याने देताना

माझ्या मते सर्वाधिक परिणाम करणारी जागा हीच आहे, कारण घर मिळाले नाही तर पुढचे काहीच सुरू होत नाही. नकार क्वचितच स्पष्ट शब्दांत दिला जातो. ‘फॅमिलीलाच देतो’, ‘सोसायटीचा नियम आहे’, ‘कालच टोकन घेतले’ अशी कारणे एजंटाकडून येतात आणि त्याच आठवड्यात ती सदनिका दुसऱ्या अविवाहित मुलांना दिली जाते.

यातील ‘सोसायटीचा नियम’ हे कारण बहुतेक वेळा निराधार असते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी सूचना देणे, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत देणे आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवणे एवढी त्याची जबाबदारी असते. सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो म्हणून संस्था जे बिनभोगवटा शुल्क आकारते, तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. म्हणजेच भाडेकरूच्या चेहऱ्यावरून ना-हरकत नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण असे ना-हरकत प्रमाणपत्र मुळात आवश्यकच नाही. पदाधिकारी तरीही अडवणूक करत असतील तर सभासद सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करू शकतो.

उपनिबंधकांपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये यासाठी पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडावा. त्याचा मसुदा असा असू शकतो : ‘संस्थेतील सदनिका भाड्याने देताना भाडेकरूचे मूळ राज्य, वंश, चेहरेपट्टी, भाषा अथवा आहार यांवरून कोणतीही हरकत घेतली जाणार नाही. कागदपत्रांचे, पाहुण्यांचे आणि वेळेचे नियम सर्व रहिवाशांना सारखेच लागू राहतील.’ दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. भेदभाव घर नाकारण्यात जेवढा असतो तेवढाच घर दिल्यानंतरच्या वेगळ्या नियमांत असतो : इतरांच्या पाहुण्यांची नोंद नाही आणि यांच्या पाहुण्यांची मात्र ओळखपत्रासह नोंद, इतरांकडे रात्री अकरापर्यंत गाणी चालतात आणि यांच्याकडे नऊ वाजता रखवालदार वर येतो. ठराव मंजूर झाल्यावर तो सूचनाफलकावर लावावा, एजंटांना त्याची प्रत द्यावी आणि रखवालदारांना तोंडी समजावून सांगावा. फाटकावरचा माणूस सोसायटीतील मोठ्यांचा कल ओळखून वागत असतो. अध्यक्षांनी स्वतः त्या मुलांना नावाने ओळख दाखवली की त्याचा सूर आपोआप बदलतो.

ओळखपत्रासाठी आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र पुरेसे आहे. पासपोर्ट मागू नये. परदेशी नागरिकाच्या मुक्कामाची माहिती कळवण्याचा फॉर्म लॉजमधील कारकून कधी कधी नागा किंवा मिझो पाहुण्यापुढे ठेवतो. हॉटेल व्यावसायिकांनी आपल्या स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांना याबाबत एकदा स्पष्ट सूचना द्यावी.

स्वयंपाकघरातील वास

सोसायटीतील तक्रारींत हा विषय हमखास निघतो आणि तो टाळण्यापेक्षा सरळ हाताळलेला बरा. नागालँडमध्ये आंबवलेल्या सोयाबीनचे अखुनी, मणिपुरात आंबवलेल्या माशांची ङारी आणि बहुतेक सर्वत्र बांबूचे कोंब रोजच्या जेवणात असतात. यांना उग्र वास येतो, हे खरे आहे. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सूचनापुस्तिकेत असे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत, असा सल्ला होता आणि त्यावर बरीच टीका झाली. टीका रास्त होती, कारण सुरक्षिततेच्या नावाखाली त्या पुस्तिकेने जुळवून घेण्याची सगळी जबाबदारी पाहुण्यावर टाकली होती.

सभेत ‘तिसऱ्या मजल्यावरचा वास’ हा विषय निघाला की तिथे बसलेल्या कोकणी मंडळींकडे पाहावे. ज्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर सुके बोंबील, जवळा आणि बांगड्यांचे खारे भरून ठेवले जाते, त्या घराला वास म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नसते. तव्यावर सुकट परतायला घेतली की जिन्यापर्यंत तिची वर्दी पोहोचते आणि त्यावर कोणी अर्ज करत नाही. अखुनीवर अर्ज होतो, कारण तो वास ओळखीचा नसतो. तेव्हा सचिवाने तक्रार वासापुरती ठेवावी : एक्झॉस्ट पंखा चालू आहे का, कचरा वेळेवर बाहेर जातो का, जिन्यात खिडकी उघडी राहते का. हे प्रश्न सर्व मजल्यांना सारखेच विचारावेत. अर्जात ‘हे लोक काय वाटेल ते खातात’ असे वाक्य असेल तर तो अर्ज दुरुस्तीसाठी परत द्यावा. कुत्र्याच्या मांसाचा विषय तर कोणत्याही ओळखीशिवाय छेडला जातो. ज्या माणसाने ते आयुष्यात खाल्लेले नाही त्यालाही त्यावर उत्तरे द्यावी लागतात. तो विषय सभेत येऊ देऊ नये.

वसतिगृह, महाविद्यालय आणि कार्यालय

एकत्र राहिल्याने पूर्वग्रह आपोआप कमी होतात, हा समज अपुरा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले की भिन्न गटांचा संपर्क उपयोगी ठरण्यासाठी चार अटी लागतात : दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामाईक असावे, ते गाठण्यासाठी परस्परांची मदत लागावी आणि संस्थेचा त्याला स्पष्ट पाठिंबा असावा. मालक आणि नोकर वर्षानुवर्षे एका छपराखाली राहतात आणि पूर्वग्रह जसेच्या तसे राहतात, याचे कारण पहिली अटच तिथे नसते.

या कसोटीवर महाविद्यालयांतील नेहमीचे उपक्रम तपासून पाहावेत. ‘नॉर्थ-ईस्ट डे’ साजरा करून पारंपरिक वेशातील मुलांना मंचावर उभे केले की ती मुले प्रेक्षणीय होतात आणि बाकीचे प्रेक्षक राहतात. त्याऐवजी खोल्यांचे वाटप करताना एका राज्याची मुले एकाच मजल्यावर गोळा होणार नाहीत हे पाहावे. मात्र पहिल्या वर्षी कोणालाही अगदी एकटे पाडू नये, गावाकडची भाषा बोलणारे एखादे माणूस जवळपास असू द्यावे. प्रयोगशाळेतील जोड्या, प्रकल्पांचे गट, फुटबॉलचा संघ, मेस समिती आणि विद्यार्थी प्रतिनिधींची निवड यांत ही मुले जबाबदारीच्या जागी यायला हवीत. मेस समितीत एक मिझो मुलगी असली की आठवड्यातून एकदा साधा उकडलेला भाजीभात मिळू लागतो आणि तो तिखटाला कंटाळलेल्या इतरांनाही आवडतो.

नियमांचे पाठबळही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार वर्ण, वंश, वांशिक ओळख, भाषा, प्रादेशिक मूळ किंवा जन्मस्थान यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ रॅगिंगमध्ये मोडतो. प्रवेशाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या रॅगिंगविरोधी हमीपत्रात ही बाब मराठीत आणि हिंदीत ठळकपणे लिहावी. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. कार्यालयांनी आपल्या आचारसंहितेत हीच भाषा वापरावी आणि बढतीच्या वेळी एक साधी गोष्ट पाहावी : स्वागतकक्ष आणि सलून यांपलीकडे, हिशेब विभागात, पर्यवेक्षकाच्या जागी ईशान्येकडील किती माणसे आहेत? नसतील तर समान दर्जाची अट आपल्याकडे पूर्ण होत नाही.

इतिहास शिकवणाऱ्यांना महाराष्ट्रातून ईशान्येकडे जाणारे धागे शोधायला फार लांब जावे लागत नाही. आग्र्यात शिवाजी महाराज नजरकैदेत असताना त्यांची हमी घेतलेला रामसिंह, मिर्झाराजे जयसिंहांचा पुत्र, महाराज निसटल्यावर औरंगजेबाच्या मर्जीतून उतरला आणि पुढे त्याला आसामच्या मोहिमेवर पाठवण्यात आले. १६७१ मध्ये गुवाहाटीजवळ ब्रह्मपुत्रेच्या पात्रात, सराईघाटच्या लढाईत, आहोम सेनापती लाचित बडफुकन यांनी त्याच्या आरमाराचा पराभव केला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला मिळणारे सुवर्णपदक याच लाचितच्या नावाचे आहे. पुण्यात राहूनही हे अनेकांना ठाऊक नसते. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळकडे सरकत असताना मणिपुरातील सांगशाक या तांगखुल नागांच्या गावी त्याला रोखून धरणाऱ्या तुकड्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण होती. आग्र्याहून सुटकेचा धडा शिकवताना रामसिंहाची पुढची कहाणी पाच मिनिटांत सांगता येते आणि वर्गात आसामी विद्यार्थी असेल तर तीच कहाणी त्याच्याकडून त्याच्या बाजूने ऐकता येते. भाषाशास्त्रात रस असणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट : मेळघाटातील कोरकू आणि मेघालयातील खासी या दोन्ही भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या आहेत, तेव्हा ‘त्यांच्या भाषा आपल्याकडच्या नाहीत’ हे विधान निदान अमरावती जिल्ह्यात तरी करू नये.

ज्या चुका सद्भावनेतून होतात

‘ईशान्य भारतीय’ हा शब्द मी सोयीसाठी वापरत आहे; तो एक समाज नव्हे. मे २०२३ पासून मणिपुरात मैतेई आणि कुकी-झो समाजांत उफाळलेल्या हिंसाचारात अडीचशेच्या आसपास माणसे मारली गेली आणि हजारो कुटुंबे विस्थापित झाली. पुण्यातील एखाद्या वसतिगृहात या दोन्ही समाजांची मुले असू शकतात. ‘तुम्ही दोघेही मणिपूरचे ना, मग एकाच खोलीत राहा’ असा निर्णय परस्पर घेऊ नये आणि त्यांच्याकडून त्या संघर्षावर मतही मागू नये. कोणाचे घर जळाले आहे का, घरी पैसे पाठवावे लागत असल्यामुळे फी थकली आहे का, हे मात्र खाजगीत विचारावे आणि फीसाठी मुदत द्यावी.

दुसरा एक मुद्दा चर्चेत हमखास येतो : ‘त्यांच्या राज्यात जायला आपल्याला परवाना लागतो, मग आपण का सहन करायचे?’ अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे इनर लाइन परमिट लागते, हे खरे आहे. या व्यवस्थेचे मूळ ब्रिटिशांच्या १८७३ च्या नियमात असून, आज ती संख्येने लहान असलेल्या जमातींच्या जमिनी आणि लोकवस्तीचे संरक्षण म्हणून कायम आहे. तिच्याशी मतभेद असू शकतो. बाहेरून आलेल्यांविरुद्ध तिथेही रोष आणि हिंसा झालेली आहे, हेही नाकारता येत नाही. परंतु सरकारी धोरणावरचा राग हडपसरमध्ये बारा हजार रुपये भाड्याची खोली शोधणाऱ्या परिचारिकेवर काढण्याला कोणतेही समर्थन नाही. २००९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा भारताच्या व्हिसा धोरणाचा दाखला देऊन कोणी ते योग्य ठरवले असते तर आपल्याला कसे वाटले असते, एवढे विचारले की हा वाद सहसा थांबतो.

अफवा पसरते तेव्हा

ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातील कोक्राझार भागातील हिंसाचारानंतर एसएमएस आणि चित्रफितींतून धमक्यांच्या अफवा पसरल्या आणि बंगळुरू, पुणे, हैदराबाद, चेन्नई येथून ईशान्येकडील हजारो लोक काही दिवसांत गावी निघून गेले. पुण्यात त्याआधी मारहाणीच्या घटना घडल्या होत्या, त्यामुळे अफवेला विश्वासार्हता आली. सरकारने पंधरा दिवसांसाठी सामूहिक एसएमएसवर मर्यादा आणली. आज व्हॉट्सअॅपवर तोच मजकूर काही मिनिटांत पोहोचेल.

म्हणून तयारी आधीच करून ठेवावी. प्रत्येक वसतिगृहात, मोठ्या सोसायटीत आणि कार्यालयात ईशान्येकडील रहिवाशांकडे एका जबाबदार स्थानिक व्यक्तीचा थेट क्रमांक असावा आणि त्या व्यक्तीकडे स्थानिक पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांचा. अफवा कानावर येताच त्या व्यक्तीने पोलीस ठाण्यातून खातरजमा करून, ‘काही झालेले नाही’ किंवा ‘अमुक ठिकाणी अमुक घडले आहे, आज संध्याकाळी बाहेर पडू नका’ असे नेमके कळवावे. ‘घाबरू नका, आम्ही आहोत’ एवढ्याने माणूस थांबत नाही. त्याला ठिकाण, वेळ आणि घरापर्यंत सोबत हवी असते. शहरातील नागा, मिझो, मणिपुरी विद्यार्थी संघटनांशी आणि ते ज्या चर्चमध्ये जातात तिथल्या मंडळींशी ओळख असेल तर खरी माहिती सर्वांत लवकर त्यांच्यामार्फत पोहोचते. ही ओळख संकटाच्या दिवशी करता येत नाही.

घटना घडलीच तर

प्रथम पीडित व्यक्तीला सुरक्षित ठिकाणी न्यावे, ११२ वर फोन करावा आणि मार लागला असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून नोंद घ्यावी. त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, घटनाक्रम लिहून काढावा. शिवी जशी उच्चारली तशीच, त्याच भाषेत लिहावी; ‘अपशब्द वापरले’ असे सभ्य भाषांतर केले की खटल्याचा कणाच जातो. साक्षीदारांची नावे, दुकानाच्या कॅमेऱ्याची दिशा आणि वेळ टिपून घ्यावी, कारण बहुतेक ठिकाणचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. मारहाण, धमकी आणि चिथावणीखोर अपमान यांसाठी भारतीय न्याय संहितेची ११५, ३५१ आणि ३५२ ही कलमे आहेत, स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे आणि वंश, जन्मस्थान, निवासस्थान किंवा भाषा यांवरून गटांत वैर पसरवण्यासाठी कलम १९६ आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश किंवा जन्मस्थानासारख्या कारणावरून खून केला तर कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. एका व्यक्तीला वंशावरून दिलेल्या शिवीसाठी बेझबरुआ समितीने सुचवलेले स्वतंत्र कलम मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेतही आलेले नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

पीडित व्यक्ती अनुसूचित जमातीची असेल तर ही उणीव काही प्रमाणात अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ भरून काढतो. लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी, मानहानी करण्याच्या हेतूने केलेल्या अपमानासाठी त्यात सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आहे. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि तपास सहायक पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. ‘तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही’ असे ठाण्यात सांगितले गेले तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या निर्णयाकडे लक्ष वेधावे : या कायद्याचे संरक्षण मूळ राज्यापुरते मर्यादित नसून देशात कुठेही मिळते. जमातीच्या दाखल्याची प्रत गावाकडून लगेच मागवून घ्यावी. मैतेई, बहुतेक आसामी आणि सिक्कीममधील अनेक नेपाळीभाषक अनुसूचित जमातींत येत नाहीत, त्यांच्या तक्रारीत वरील सर्वसाधारण कलमांवरच भर द्यावा लागतो. अत्याचारविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६६ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

आणि ठाण्यात जाताना सोबत जावे. जबाब मराठीत लिहिला जातो. तक्रारदाराला मराठी येत नसेल तर तो ओळ-ओळ हिंदीत किंवा इंग्रजीत समजावून मगच सही करू द्यावी आणि गुन्ह्याची प्रत विनामूल्य मिळते ती मागून घ्यावी. खटला उभा राहीपर्यंत तक्रारदार शिक्षण संपवून ऐझॉलला किंवा कोहिमाला परत गेलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि अशी प्रकरणे तिथेच ढिली पडतात. म्हणून स्थानिक साक्षीदाराने आपला पत्ता आणि फोन बदलला तर तपास अधिकाऱ्याला कळवावे, तारखांवर लक्ष ठेवावे आणि तक्रारदाराची साक्ष दूरदृश्य प्रणालीद्वारे घेण्यासाठी सरकारी वकिलांकडे वेळेत अर्ज दिला गेला आहे ना, याची विचारपूस करत राहावी.